वीस डॉलरची नोट

२०१२ च्या गणपतीतली गोष्ट. मंडळाच्या खजिनदारबाई भारतात गेल्या होत्या, म्हणून वडापावच्या स्टॉलचा गल्ला माझ्या गळ्यात पडला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळी रोकड श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून मी बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं नोटा मोजायला घेतल्या आणि वीसची एक नोट बाजूला काढली. उजेडासमोर धरली, पेनानं तिच्यावर रेघ मारली. खऱ्या नोटेवर ती रेघ फिकी पिवळी राहते, ही काळी पडली.

"ही खोटी आहे," ती म्हणाली. माझे कान तापले. मी काहीतरी चाचरत बोलले: आम्ही देवाचा उत्सव करतो, खाण्याचा स्टॉल असतो, कुणी दिली कळलंच नाही. तीच मला धीर द्यायला लागली. चुकून येतात अशा नोटा, रोज एक तरी निघते. एक फॉर्म भरून घेतला, नोट ठेवून घेतली. निघताना काउंटरवरच्या वाडग्यातला लॉलीपॉप घ्यायला सांगितला, तो मी लेकीसाठी पर्समध्ये टाकला. त्या वर्षीच्या हिशेबात "खोटी नोट: २० डॉलर" अशी एक ओळ आहे. वार्षिक सभेत तिच्यावर बराच हशा झाला. कुणीतरी म्हणालं, अध्यक्षांनीच छापली असणार.

पुढं आठ वर्षांत मला ही नोट एकदाही आठवली नाही. आठवली ती २०२० च्या मे महिन्यात.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरातला अडतिसावा रस्ता आणि शिकागो अ‍ॅव्हेन्यू यांचा चौक आमच्या उपनगरापासून पंचवीस मिनिटांवर आहे. एकवीस वर्षं या भागात राहून मी तिथं कधी गेले नव्हते. जायचं कारणच नव्हतं. आमचं किराणा दुकान, देऊळ, मुलांच्या शाळा, मंडळाचा हॉल, सगळं शहराला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्यांवर. २५ मेच्या संध्याकाळी त्या चौकातल्या दुकानात जॉर्ज फ्लॉईड या काळ्या माणसानं सिगारेटचं पाकीट घेतलं आणि वीसची नोट दिली. गल्ल्यावरच्या १९ वर्षांच्या पोराला ती खोटी वाटली. त्यानं नंतर कोर्टात सांगितलं की खोटी नोट घेतली तर पगारातून कापायची दुकानाची रीत होती. आधी त्याला वाटलं होतं, जाऊ दे, आपल्याच खात्यावर टाकू. मग त्यानं वरच्या माणसाला सांगितलं. पोलिसांना फोन गेला. पुढं काय झालं ते जगानं पाहिलं. डेरेक शॉविन नावाचा १९ वर्षं नोकरी झालेला गोरा पोलीस ९ मिनिटं २९ सेकंद त्या माणसाच्या मानेवर गुडघा टेकून बसला होता.

पोलीस खात्याच्या पहिल्या निवेदनाचं शीर्षक होतं: पोलिसांशी संपर्कादरम्यान वैद्यकीय घटना, माणसाचा मृत्यू. गुडघ्याचा उल्लेख नव्हता. डार्नेला फ्रेझियर ही सतरा वर्षांची मुलगी नऊ वर्षांच्या चुलत बहिणीला खाऊ घ्यायला घेऊन आली नसती आणि फोन धरून उभी राहिली नसती, तर फाईल त्या निवेदनाखालीच दबली असती. आमच्यापर्यंत तर बातमीसुद्धा आली नसती.

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पहिले दोन दिवस सगळ्यांनी दुःखी चेहरे पाठवले. तिसऱ्या रात्री शहरातलं पोलीस ठाणं जळालं आणि सूर बदलला. "पण नोट खोटी होती ना?" "पोलीस सांगतात ते निमूट ऐकावं, आपल्याला कधी काही होतं का?" एकानं फ्लॉईडचा जुना गुन्हा, शिक्षा, असा सगळा इतिहास टाकला. दुसऱ्यानं, आम्ही इथं शून्यातून आलो, आम्ही नाही दुकानं जाळत, असं लिहिलं. त्याच रात्री लेक स्ट्रीटजवळ 'गांधी महल' नावाचं हॉटेलही जळालं. त्याचा बांगलादेशी मालक म्हणाला होता की माझी इमारत जळू दे, न्याय झाला पाहिजे. ती बातमी कुणी फॉरवर्ड केली नाही. मीही नाही. मला तो माणूस जरा जास्तच थोर वाटला, खरं सांगायचं तर अंगावर आला.

आता लिहिते आहेच तर हेही लिहिते. आमच्या घरांमधून काळ्या लोकांसाठी 'कल्लू' हा शब्द सर्रास वापरला जायचा. वाईट हेतूनं नाही, असं आम्ही म्हणायचो. "त्या गल्लीत कल्लू फार आहेत, गाडी लॉक कर." मी म्हटलेलं आहे. लेक सातवीत असताना तिनं अर्थ विचारला तेव्हा मी विषय बदलला.

या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. फेब्रुवारी २०१५. अलाबामातल्या मॅडिसन गावी एक गुजराती आजोबा मुलाकडे आले होते, नातू सांभाळायला. सुरेशभाई पटेल, वय ५७. सकाळी घरासमोरच्या रस्त्यावर फिरत होते. कुणीतरी पोलिसांना फोन केला: एक सडपातळ काळा माणूस, डोक्यात लोकरी टोपी, घरांकडे बघत हिंडतोय. पोलीस आले. पटेल "नो इंग्लिश", "इंडिया" एवढंच सांगू शकले. एका पोलिसानं त्यांचे हात मागं धरून त्यांना तोंडावर आपटलं. मानेला इजा झाली, शरीर लुळं पडलं. त्या पोलिसावर केंद्राचा खटला चालला. दोनदा निवाडा देणाऱ्या नागरिकांचं, म्हणजे ज्यूरीचं, एकमत झालं नाही आणि २०१६ च्या जानेवारीत न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं.

त्या वसंतात माझे वडील, अण्णा, आमच्याकडे येणार होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची ३४ वर्षं गेली. सोलापूरच्या माणसाला मिनेसोटातला एप्रिल म्हणजे पौष महिनाच, तेव्हा माकडटोपी घालून पहाटे सहाला फिरायला निघणार हे ठरलेलं. मी एका कार्डावर आमचा पत्ता, दोघांचे फोन नंबर आणि 'हे माझे वडील आहेत, त्यांना कमी ऐकू येतं' असं इंग्रजीत लिहून ते त्यांच्या जाकिटाच्या खिशात घातलं. अण्णांनी ते काढून टेबलावर ठेवलं. "मी काय जत्रेत हरवलेलं पोर आहे का?" मी परत घातलं. त्यांनी परत काढलं. शेवटी नवऱ्यानं शेजाऱ्यांकडे नेऊन त्यांची ओळख करून दिली. अण्णांना वाटलं अमेरिकेतली ही पद्धतच असेल. ते चार घरांत अगत्यानं नमस्कार करून आले.

त्या दिवसांत मंडळातल्या प्रत्येक जेवणात पटेलांचा विषय निघे, आणि प्रत्येक वेळी संताप एकाच वाक्याशी येऊन थांबे: "बिचाऱ्याला चुकून काळा समजले हो!" मीही हेच वाक्य बोलले, घरी, पोळ्या लाटताना. लेक तेव्हा तेरा वर्षांची. ताटं मांडत होती. म्हणाली, "आई, आणि तो खरंच काळा असता तर?"

मी म्हटलं, "तू लिंबू चीर."

२०१७ च्या उन्हाळ्यात तर हा प्रश्न पार उलटा होऊन आला. जूनमध्ये फिलँडो कॅस्टील या काळ्या माणसाला मारणारा पोलीस निर्दोष सुटला होता. कॅस्टील सेंट पॉलच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायचा. वर्षभरापूर्वी गाडी अडवली गेली तेव्हा, आपल्याकडे परवान्याची बंदूक आहे हे त्यानं स्वतःहून सांगितलं होतं, आणि मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. त्या निकालानंतर महिनाही झाला नव्हता तोच १५ जुलैच्या रात्री जस्टिन डेमंड ही गोरी ऑस्ट्रेलियन बाई घरामागच्या गल्लीत पोलिसांच्या गोळीनं मेली. घरामागं कुणी बाई किंचाळल्यासारखं ऐकू आलं म्हणून तिनंच पोलिसांना बोलावलं होतं. गोळी झाडणारा मोहम्मद नूर सोमाली वंशाचा काळा पोलीस. २०१९ च्या एप्रिलमध्ये खुनाबद्दल तो दोषी ठरला. कर्तव्यावर असताना केलेल्या कृत्यासाठी खुनाचा दोष सिद्ध झालेला मिनेसोटातला तो पहिला पोलीस. साडेबारा वर्षं शिक्षा झाली. शहरानं डेमंडच्या कुटुंबाला २ कोटी डॉलर दिले.

तेव्हा आमच्याकडे कुणी म्हणालं नाही की पोलिसांचं काम अवघड असतं, क्षणात निर्णय घ्यावा लागतो. मीही म्हणाले नाही. रात्रीच्या कपड्यांत बाहेर आलेली ती बाई मला ओळखीची वाटली. मीही असाच फोन केला असता. सोमाली लोक तेव्हा विचारत होते की इतकी वर्षं एकही पोलीस खुनी ठरला नाही, मग पहिला नेमका आमचाच कसा? डेमंडला न्याय मिळू नये असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पण मी बातमीचा तेवढा भाग वाचलाच नाही.

या दोन खटल्यांच्या गाठी कायद्यातही बसल्या आहेत. नूरला तिसऱ्या दर्जाच्या खुनाचं कलम लागलं होतं. शॉविनवरचं तेच कलम न्यायाधीश पीटर केहिल यांनी आधी काढून टाकलं होतं. २०२१ च्या फेब्रुवारीत वरच्या कोर्टानं नूरची त्या कलमाखालची शिक्षा उचलून धरली, म्हणून मार्चमध्ये ते शॉविनला पुन्हा लागलं. मग सप्टेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एकाच ठरावीक माणसावर रोखलेल्या कृत्याला हे कलम लागतच नाही. नूरची शिक्षा ४ वर्षं ९ महिन्यांवर आली आणि २०२२ च्या जूनमध्ये तो सुटला. शॉविन मात्र दुसऱ्या दर्जाच्या खुनातही दोषी ठरला होता, त्याच्या साडेबावीस वर्षांना धक्का लागला नाही. काळ्या पोलिसाच्या खटल्यानं गोऱ्या पोलिसाला अडकवलं, आणि गोऱ्याचा निकाल लागल्यावर काळा सुटला, असं सांगणारे लोक मला भेटले. ते तसं नाही. पण तसं वाटलं तर त्यांना वेड्यात काढण्याजोगंही नाही.

शॉविनचा निकाल आला २० एप्रिल २०२१ ला, मंगळवारी, दुपारी चारनंतर. डाउनटाउनमधल्या कोर्टाभोवती काँक्रीटचे अडथळे, काटेरी तारा, नॅशनल गार्डचे शिपाई. दुकानांच्या काचांवर प्लायवूड. आमचं ऑफिस घरूनच चालू होतं, तरी त्या दिवशी सगळ्यांना लवकर मोकळं केलं. खटला चालू असतानाच, ११ एप्रिलला, ब्रुकलिन सेंटर या उपनगरात दाँते राइट या वीस वर्षांच्या काळ्या मुलाला पोलीसबाईनं गोळी घातली होती. टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं हत्यार, समजून चुकून पिस्तूल काढलं, असं तिचं म्हणणं. चुकून. तो शब्द ऐकून लेक जेवता जेवता उठून गेली होती.

न्यायाधीशांनी तीन कलमं वाचली, तिन्हींत दोषी. मास्कच्या वर शॉविनचे डोळे तेवढे इकडून तिकडे फिरत होते. लेक रडत होती, नवऱ्यानं टीव्हीचा आवाज बंद केला आणि मी उगाच चहा टाकायला उठले. भारतात रात्रीचे अडीच वाजले होते. माझ्या फोनवर या निकालाबद्दल एकही मेसेज नव्हता. सोलापूर, पुणे, नाशिकहून सगळे मेसेज ऑक्सिजनचे: सिलिंडर कुठं मिळेल, बेड कुठं आहे. त्याच रात्री पहाटेकडे नाशिकच्या पालिका रुग्णालयातली ऑक्सिजनगळतीची बातमी आली, बावीस माणसं गेली. श्वास हा शब्द त्या चोवीस तासांत मी इतक्यांदा वाचला की इथली फ्लॉईडची आणि तिकडची ऑक्सिजनची अशा दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळायला लागल्या. त्या मिसळू नयेत. पण त्या रात्री मिसळल्या, एवढंच.

खटला मी जवळपास पूर्ण पाहिला होता. मला त्यात सगळ्यांत विचित्र वाटलं ते हे की बाहेर अख्खं जग वंशाबद्दल बोलत होतं आणि कोर्टात तो शब्द क्वचितच निघाला. सरकारी वकिलांची चाल सरळ होती. आम्ही पोलिसांच्या विरोधात नाही, हा खटला पोलिसांच्या बाजूचा आहे, असं त्यांनी समारोपात सांगितलं. शहराचे पहिले काळे पोलीसप्रमुख मेडारिया आराडोंडो साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, आम्ही हे शिकवत नाही. थोडक्यात, खात्यात सगळं ठीक, हा एक वाईट निघाला. इंग्रजीत अशा माणसाला नासकं सफरचंद म्हणतात आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच थांबतात. आमच्याकडे आंब्याच्या अढीत हात घातलेली कुठलीही बाई सांगेल की नासका आंबा काढून टाकल्यानं काम संपत नाही. खालचा पेंढा उलटा करावा लागतो, त्याला लागून असलेले आंबे दाबून बघावे लागतात. आणि वास कधीपासून येत होता हे घरातल्यांना आठवावं लागतं.

वास आधीपासून होता. २०१७ मध्ये शॉविननं चौदा वर्षांच्या एका काळ्या मुलाला टॉर्चनं मारून असाच गुडघ्याखाली दाबून ठेवला होता. अंगावरच्या कॅमेऱ्यात ते चित्रित झालं होतं, म्हणजे खात्याकडे ते तीन वर्षं पडून होतं. पुढं केंद्राच्या खटल्यात शॉविननं तो गुन्हाही कबूल केला आणि २०२३ मध्ये शहरानं त्या मुलाला ७५ लाख डॉलर दिले. तीन वर्षांत ते चित्रण कुणी बघितलं असेल, बघून काय वाटलं असेल, यावर मी बरेचदा विचार करत बसते. ज्यूरीनं आंबा बघितला, ते त्यांचं काम होतं. बाराजणांत सहा गोरे, चार काळे, दोन मिश्र वंशाचे. साधारण दहा तासांत एकमत झालं. अढी कोण बघणार हे बाहेरच्यांचं भांडण होतं. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल कीथ एलिसन त्या संध्याकाळी म्हणाले की याला मी न्याय म्हणणार नाही, ही जबाबदारीची निश्चिती आहे, न्यायाकडचं पहिलं पाऊल. मराठीत हे सांगताना माझी अडचण होते. आपण 'जबाबदारी' घेतो, टाळतो, सोपवतो. त्यातला 'जाब' मात्र आपण वरच्यानं खालच्याला विचारायचा असं धरूनच चालतो. त्या फुटपाथवर तो खालून वर विचारला गेला. सुट्टीवर असलेली अग्निशामक दलातली एक बाई ओरडून सांगत होती, नाडी बघा. एका माणसानं तर पोलिसांची तक्रार करायला पोलिसांनाच फोन लावला. कोर्टात हे लोक एकेक करून आले आणि रडले. डार्नेला म्हणाली की आपण आणखी काही केलं नाही म्हणून ती रात्र रात्र जागून फ्लॉईडची माफी मागते. गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला, मी ती नोट घेतलीच नसती तर. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांना अपराधी वाटत होतं. शॉविननं साक्ष द्यायची नाही असं ठरवलं, तो त्याचा हक्कच होता.

निकालानंतर आमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "चला, झाला न्याय, आता तरी शांतता होऊ दे." लेकीनं ते माझ्या खांद्यावरून वाचलं. मग लॅपटॉप उघडून तिनं व्हिडिओतलं एक चित्र थांबवलं आणि मला विचारलं, यात आपण कुठं आहोत सांग. मी फुटपाथवरच्या लोकांकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "नाही, आई. हा बघ." तिचं बोट शॉविनबरोबरच्या टू थाओ या पोलिसावर होतं. लाओसमधून निर्वासित म्हणून आलेल्या ह्माँग समाजाचा मुलगा. फ्लॉईडकडे पाठ करून तो लोकांना थोपवत उभा होता. म्हणत होता की पोरांनो, म्हणून ड्रग्ज घ्यायचे नसतात. पुढं त्यालाही शिक्षा झाली.

मला राग आला. एकोणीस वर्षांच्या मुलीनं इतकं टोकाचं बोलू नये असं वाटलं. फी आम्ही भरतो, असंही मनात आलं, ते मी बोलून दाखवलं नाही म्हणून स्वतःवर खूष झाले. आजही तिचं म्हणणं मला पुरतं पटलेलं नाही. गर्दीला थोपवणं आणि उपनगरात पोळ्या लाटणं यांत अंतर आहे. पण बँकेतली ती काळी रेघ त्याच रात्री पुन्हा आठवली. माझी खोटी नोट चुकून आलेली होती, हे त्या मुलीनं मला एक शब्दही न विचारता मान्य केलं होतं.

अढी उघडायचं काम सुरू झालं होतं. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या न्याय खात्यानं मिनियापोलिस पोलिसांची चौकशी जाहीर केली. २०२३ च्या जूनमध्ये अहवाल आला: हे खातं काळ्या आणि मूळ अमेरिकी लोकांशी भेदभाव करतं, गरज नसताना बळ वापरतं. सुधारणांचा करार न्यायालयाच्या देखरेखीखाली व्हायचा होता. २०२५ च्या मेमध्ये, पाचव्या स्मृतिदिनाला चार दिवस असताना, नव्या सरकारनं तो सोडून दिला. राज्याचा स्वतंत्र करार आहे, तो चालू आहे. त्याच वसंतात शॉविनला माफी द्या म्हणून मोहीम निघाली. आमच्या ग्रुपवरही आली, अंगठे पडले. राष्ट्राध्यक्षांची माफी फक्त केंद्राच्या शिक्षेला लागते, राज्याची साडेबावीस वर्षं त्यांना पुसता येत नाहीत, एवढं मी लिहिलं. त्यावर कुणी काही बोललं नाही. मग कुणीतरी आंब्याच्या पेट्यांची ऑर्डर कधी द्यायची ते विचारलं.

अण्णा शेवटचे आले ते २०२३ च्या उन्हाळ्यात. म्हणाले, ती जागा बघायची आहे. मी नको म्हणत होते, लेकीनं नेलं आणि मागं मीही बसले. चौकात उंच लोखंडी मूठ उभी होती, तिच्याभोवती कुंड्या, खेळणी, सुकलेली फुलं. अण्णा बराच वेळ बघत राहिले. जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, गुलामांना सोडवलं म्हणून, हे त्यांनी नातीला सांगितलं. शिकवायचो मी पोरांना, म्हणाले. ती म्हणाली, "आजोबा, जरा घाईच केली त्यांनी." अण्णा हसले नाहीत. "घाई नाही गं. दाखवायला कुणीतरी पाहिजे होतं त्यांना," म्हणाले.

तिथून एका चौकावर गवताचं एक मैदान आहे. त्यात ओळीनं पांढरे फलक रोवलेत, थडग्यांवर असतात तसे. पोलिसांच्या हातून गेलेल्या माणसांची नावं त्यांच्यावर लिहिली आहेत. अण्णांनी चष्मा बदलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, चुकीच्या उच्चारांत, प्रत्येक नावानंतर किंचित थांबून. दुसरी ओळ अर्धी होईपर्यंत मला कळलं नाही की हा आवाज मी कुठं ऐकलाय. मग कळलं. हजेरी घेताना ते असेच थांबायचे.

तिसऱ्या ओळीला त्यांना दम लागला. लेकीनं दंड धरला. "यांच्या मास्तरांना कुणी जाऊन विचारलं असेल का," ते म्हणाले, "पोरगा कसा होता म्हणून?"

आम्ही दोघी गप्प. त्यांनी खिशात रुमालासाठी हात घातला आणि रुमालाबरोबर माझं कार्ड बाहेर आलं. सकाळीच घातलं होतं मी, नवं. त्यांनी ते चष्म्याजवळ धरून पूर्ण वाचलं, घडी केली, आणि या वेळी परत खिशात ठेवलं.